न हलणारा हात

शांत दिसणाऱ्या पाण्याइतकं लबाड या जगात दुसरं काही नाही. हे मी गेली चाळीस वर्षं घसा कोरडा करून सांगते आहे आणि ऐकत कोणी नाही. शहरातून माणसं येतात, गाडी लावतात, पोरांच्या नाकाला पांढरं मलम फासतात आणि वाळूवर उभी राहून पाणी न्याहाळतात. इकडे लाटा फुटताहेत, फेस उडतोय. तिकडे मध्येच एक काळपट पट्टा, गुळगुळीत, त्यात एकही लाट नाही. मग त्यांच्यातला एखादा शहाणा बोट दाखवून म्हणतो, चला, तिथे उतरू, तिथे शांत आहे. बाबा रे, तिथे लाट फुटत नाही कारण तिथे खोल आहे, आणि खोल आहे कारण लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं सगळं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात पळतं. त्याला आम्ही ओढ म्हणतो. पहाऱ्याच्या दिवशी सकाळी ओढ टाळून, बरी जागा बघून, आम्ही दोन लाल-पिवळे झेंडे रोवतो. त्या दोन झेंड्यांच्या मध्ये पोहा, एवढंच आमचं मागणं असतं.

माझं नाव नेरिडा पॅस्को. मॅरो हेडच्या जीवरक्षक क्लबात पहाऱ्याची कॅप्टन मी. पगार कोणालाच नाही. सुट्टीच्या दिवशी पिवळा शर्ट चढवायचा आणि दुसऱ्यांच्या मूर्खपणावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, एवढं आमचं काम. आमच्या गावात वर्षानुवर्षं चर्चची पायरी चढला नाहीत तरी कोणी काही म्हणत नाही, पण पहारा चुकवलात तर बेकरीत तुम्हाला शिळा पाव मिळतो.

क्लबात नव्या माणसाला पहिला धडा शिकवतात तो असा. ओढीत सापडलात तर तिच्याशी झगडू नका, दमाल आणि बुडाल. उताणे तरंगा, ती नेईल तिकडे जा, आणि एक हात सरळ वर करा. आणि आम्हाला हात वर दिसला की आम्ही जायचं. खरा का खोटा, गंमत का संकट, हे विचारायचं नाही. माझा नवरा क्लेम या बाबतीत तर अगदीच वेडा होता. माझ्या बहिणीच्या लग्नाची मेजवानी क्लबाच्या गच्चीवर होती. तिच्या सासऱ्यांचं भाषण रंगात आलेलं, आणि हा कोटबूटासकट कठड्यावरून उडी टाकून पाण्यात. समुद्रात एक पोरगा आपल्या दोस्ताला हात करत होता, बस्स. क्लेम पाणी गाळत परत आला, खुर्चीवर बसला आणि अर्धा राहिलेला केक संपवला. साऱ्या जन्मात त्याने लोकांचे नळ आणि मोऱ्या दुरुस्त केल्या, बोलला कमी, जेवला भरपूर, आणि साठी उलटल्यावरही बचावाच्या तरंगत्या फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारत जाताना तरण्यांना मागे टाकत होता.

आमच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला काळ्या खडकाचा कडा आहे. बाकीच्या ओढी वादळ झालं की जागा बदलतात. आज इथे, पुढच्या आठवड्यात तिथे. कड्याला घासून जाणारी ओढ मात्र कधी हललेली नाही. आमचे झेंडे तिच्यापासून लांबच असतात. पहाऱ्याच्या मनोऱ्याला तीन खिडक्या, त्यांतल्या दक्षिणेच्या खिडकीची काच आतून हिरव्या रंगाने रंगवलेली. मी क्लबात आले तेव्हाही ती तशीच होती. विचारलं तर जुने लोक म्हणत, तिकडून उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. पुढे मीही नव्या पोरांना तेच सांगायला लागले.

गेल्या वर्षी उन्हाळा सरताना ब्रॉनवीन हारकोर्ट आली. ती किनाऱ्यांचा अभ्यास करते. गाडीभर यंत्रं, डोक्याला टोपी, आणि पाण्यात उतरायला कायम तयार. मला ती पहिल्याच दिवशी आवडली. तिचं काम म्हणजे किनारपट्टीवरच्या एकेका किनाऱ्याचा प्रकार ठरवायचा आणि धोक्याला दहापैकी आकडा द्यायचा. लाटांच्या किनाऱ्यांचे तिच्या शास्त्रात सहा प्रकार आहेत. एका टोकाला रुंद, सपाट किनारा. लाट लांबवर फुटते आणि वाळूला लागेपर्यंत तिचा सगळा दम जातो. दुसऱ्या टोकाला उभा, भरड वाळूचा. तिथे लाट थेट पायांशी आपटते, मान मोडते, आणि दुसऱ्या पावलाला तळ लागत नाही. या दोन्हींच्या मधले जे चार, ज्यांत पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात आणि त्यांना चिरून ओढी जातात, ते माणसं खातात. आम्ही त्या मधल्यांतले. तिने आम्हाला सात दिला, आणि कड्याच्या टोकाला आठ.

"आठच?" तेविता म्हणाला. तेविता माझा उपकॅप्टन, टोंगन, म्हणजे बेटांवरून आलेल्या घरातला, विटा रचून रचून खांदे दारात मावत नाहीत असे झालेले. "माझ्या सासूला किती देशील?"

ब्रॉनवीनने वही उघडली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, सासूबाईंच्या पाण्याखाली उंचवटे आहेत का. मग तिला कड्याच्या ओढीवर कॅमेरा लावायचा होता आणि त्यासाठी मनोऱ्याची रंगवलेली खिडकी मोकळी हवी होती. मी तिला तिरिपीचं कारण सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"नेरिडा, आपण दक्षिण गोलार्धात राहतो. इथे सूर्य आपल्या उत्तरेकडून फिरतो. दक्षिणेच्या खिडकीत तिरीप येईल कुठून?"

खरं सांगते, मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं आम्ही सगळे ते बोलत होतो आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. सगळे हसले, मीही हसले. क्लेमने गाडीतून पातं आणून संध्याकाळपर्यंत तो रंग खरवडून काढला. रंगाचे थरावर थर होते. कोणीतरी तो पुन्हा पुन्हा दिला होता.

त्याच शनिवारी दुपारी पहिला हात दिसला. किनाऱ्यावर माणसं थोडी होती, सगळी झेंड्यांच्या आत. मी वाळूवर सँडविच खात होते. मनोऱ्याच्या जिन्यावरून क्लेम धडधडत उतरला आणि फळी घेऊन पळाला, तेव्हा मी पाण्याकडे पाहिलं. कड्याच्या ओढीत, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे, एक हात वर होता. कोपरापासून वर, सरळ. क्लेम पोचेपर्यंत मी आणि तेवितानं रबरी बोट पाण्यात लोटली होती. आम्ही गेलो तेव्हा क्लेम फळी सोडून बुड्या मारत होता आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं.

पोलीस आले, हेलिकॉप्टर आलं, दिवस मावळेपर्यंत शोध चालला. कोणी हरवल्याची तक्रार नाही. वाहनतळावर बेवारस गाडी नाही, वाळूवर बेवारस टॉवेल नाही. बिचाऱ्या पोलीसबाईने तीन वेळा विचारलं, नक्की हातच होता ना. घरी जेवायला बसल्यावर क्लेमने सुरी-काटा खाली ठेवला.

"मी पोचलो तेव्हा तो होता, नेरी. मी हात लांब केला. बोटं लागली माझ्या बोटांना."

मी म्हटलं, समुद्री शेवाळ लागलं असेल.

"कोमट होती," तो म्हणाला. "पाणी गार होतं. बोटं कोमट होती."

दुसऱ्या दिवशी ब्रॉनवीनने आम्हाला तिच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. मला वाटलं होतं तिथे काहीच नसेल, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. हात होता. आम्ही तिघांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि प्रत्येक वेळी ब्रॉनवीनच्या कपाळावरची आठी खोल होत गेली. शेवटी तिने पडद्यावर नख टेकवून हाताची जागा धरली आणि चित्र पुढे पळवलं. फेस वाहत गेला, शेवाळाचा एक झुपका वाहत गेला, एक पाणपक्षी बसल्या जागी वाहत गेला. हात नखाखालीच राहिला.

"ती ओढ माणूस चालतो त्याच्यापेक्षा वेगाने जाते," ती म्हणाली. "तिच्यात काहीही एका जागी राहू शकत नाही."

मी म्हटलं, खाली खडक असेल, त्यावर कोणी उभं असेल. तिने मान हलवली. तिने त्याच आठवड्यात तिथली खोली मोजली होती. तळ वाळूचा होता आणि दोन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तरी वरच्याचं डोकं पाण्याबाहेर आलं नसतं.

त्याच रविवारी दुपारी तिने ओढीत हिरवा रंग सोडला. तो तिच्या नेहमीच्या कामाचाच भाग. रंग कसा वाहतो त्यावरून ओढीची वाट कळते. कुठल्या ओढी वळून पुन्हा उथळावर आणून सोडतात आणि कुठल्या थेट बाहेर नेतात, ते त्यावरून ठरतं. आम्ही मनोऱ्यातून बघत होतो. हिरवा पट्टा कड्याला घासत सरळ बाहेर निघाला, रुंद होत गेला, आणि एका जागी दोन फाटे झाले. मध्ये अंगणातल्या पिंपाएवढी जागा कोरी राहिली, काळी, जराही रंग न शिरलेली. रंग तिच्या दोन्ही बाजूंनी जात होता आणि पुढे पुन्हा एक होत होता. मग त्या कोऱ्या जागेतून हात वर आला. तेविता त्याच्या आजीच्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि क्लेम जिना उतरायला लागला.

मी त्याला अडवलं नाही, कारण अडवायचं मला सुचलंच नाही. आम्ही गेलो, रिकामं पाणी पाहिलं आणि आलो. पण क्लेमचं तेवढ्यावर भागेना. मधल्या वारी पहारा नसतो, तरी तो रोज दुपारी जाऊन कड्यावर बसायला लागला. हात दिसला की फळी घेऊन आत जायचा. तास तास एकटा त्या ओढीत. परत येताना ओठ निळे, आणि तोंडात एकच वाक्य, मी कुणाला तरी तिथे सोडून आलो. बेकरीतला मांस भरलेला पॅटिस त्याच्या पुढ्यात तसाच गार व्हायचा. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने ताटात काही टाकलं नव्हतं. मी चिडले, रडले, त्याची फळी कपडे धुण्याच्या खोलीत कोंडून किल्ली खिशात घातली. त्याने शेजाऱ्याची फळी आणली. आज ना उद्या तो तिथून परत येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मला त्या हाताचं काही पडलं नव्हतं. तो कोणाचा, का, कधीपासून, यातलं काही जाणून घ्यायचं नव्हतं. मला माझा नवरा घरात हवा होता.

म्हणून मी ब्रॉनवीनकडे गेले आणि म्हटलं, तुझं शास्त्र कामाला लाव. तो मला जुमानत नाही, नियमाला जुमानेल. रात्रभर तिने विचार केला असावा, कारण सकाळी तिचे डोळे तांबडे होते. तिने जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की मलाच कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. ओढीत सापडलेलं खरं माणूस वाहतं. मागच्या कड्यावरची एखादी खूण धरून बघितलं तर त्याचा हात सरकताना दिसतो. सरकला तर जा. सरकला नाही तर तो माणसाचा नाही, जाऊ नका.

गुरुवारी क्लबाची बैठक घेतली. बिअरचे डबे उघडले गेले, विनोद झाले नाहीत. तेविताला ते पटत नव्हतं. तो म्हणाला, आणि एखाद दिवशी हात खरा असला आणि हलला नाही तर? ब्रॉनवीन म्हणाली, त्या ओढीत ते शक्य नाही. खोटं नव्हतं ते, तिला माहीत होतं तेवढं सगळं तिने सांगितलं. मी मत मागितलं. सगळ्यांनी हात वर केले. क्लेम जमिनीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, सगळे बघत राहिले, आणि शेवटी त्याचा हात खांद्यापर्यंत आला.

शनिवारी हात आला. आम्ही सगळे वाळूवर ओळीने उभे राहिलो. कड्यावर एक पांढरा डाग आहे, हात बरोबर त्याच्या खाली होता आणि तिथेच राहिला. बोटीचं इंजिन चालू होतं, फळ्या हाताशी होत्या, आणि कोणी पाय उचलला नाही. असं उभं राहण्याची आम्हाला कोणालाच सवय नव्हती. एक मुलगी तर तोंड फिरवून ओकली. बऱ्याच वेळाने हात खाली गेला. क्लेम वाळूत बसला आणि त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझा जीव भांड्यात पडला. त्या रात्री तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

पुढे तो कड्यावर गेला नाही. हात दिसायचा, आम्ही पांढऱ्या डागाकडे बघायचो, आणि मग आपापल्या कामाला लागायचो. माणसाला कशाचीही सवय होते.

मोसमातला शेवटचा पहारा एप्रिलच्या अखेरीस, युद्धातल्या हुतात्म्यांच्या दिवशी असतो. पहाटे स्मारकापाशी उभं राहायचं, मग क्लबात चहा आणि ओटची बिस्किटं, मग शेवटचे झेंडे. दुपारी किनारा रिकामा होता. मी क्लबाच्या शेडच्या मागे सगळ्या फळ्या उभ्या करून गोड्या पाण्याने धूत होते, पुढच्या मोसमापर्यंत ठेवून द्यायच्या म्हणून. तेविता बोट घेऊन उत्तर टोकाला गेला होता, झेंडे काढायला. क्लेम समोर वाळूवर दोर गुंडाळत होता. शेवटची फळी राहिली होती, तेवढ्यात मला उगाच वाटलं की फार शांत आहे. नळ तसाच सोडून मी शेडला वळसा घालून पुढे आले. दोर अर्धा गुंडाळलेला पडला होता. पुढे क्लेमचा शर्ट, मग टोपी, ओळीने, कड्याच्या दिशेने.

त्याचं डोकं मला ओढीत दिसलं. तो पोहत होता, ओढ त्याला नेत होती, आणि पांढऱ्या डागाखाली आल्यावर तो थांबला. फळ्या मागे होत्या. रेडिओ नळापाशी होता. मी धावत कड्यावर गेले, कमरेला अडकवलेले रबरी पंख पायांत चढवले आणि उडी मारली. आम्ही नेहमी ओढीनेच आत जातो, तीच जवळची वाट. लाटा फुटतात त्यांच्या पलीकडे तिने मला क्षणात नेऊन सोडलं.

क्लेम हनुवटीपर्यंत पाण्यात होता. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तू मागून कशी आलीस?" तो म्हणाला. "तू इथे होतीस. तुझा हात होता. ही पिवळी बाही."

"मी फळ्या धूत होते, क्लेम. हात हलत होता का?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

"तुझा होता," तो म्हणाला.

मी त्याच्या काखेत हात घालून ओढलं. तो आला नाही. त्याला विचारलं, पाय कशात अडकलाय का. तो म्हणाला, कशातच नाही, पाय मोकळे आहेत, हे बघ हलवतोय. आणि खरंच, त्याचे पाय माझ्या पायांना लागत होते. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याला धरल्यापासून मीही थांबले आहे. दोन्ही बाजूंनी पाणी कानांशी आवाज करत पळत होतं आणि आमच्याभोवती ते गप्प होतं. त्यात ऊब होती. बाथटबमधल्या पाण्यासारखी ऊब. मघा हनुवटीला असलेलं पाणी आता क्लेमच्या खालच्या ओठाला लागत होतं.

आम्ही आयुष्यभर लोकांना जे शिकवलं तेच केलं. उताणे झालो आणि एकेक हात वर केला. तेविता उत्तरेकडून बोट घेऊन आला होता. किनाऱ्याशी, गुडघाभर पाण्यात, बोटीला धरून तो आमच्याकडे बघत होता. इंजिनाचा आवाज मला ऐकू येत होता. मला त्याची मान दिसत होती. आधी आमच्याकडे, मग वर कड्यावरच्या डागाकडे, मग पुन्हा आमच्याकडे. तो नियमाप्रमाणे बघत होता. मी ओरडले. वारा समुद्राकडे वाहत होता.

क्लेमला माझ्याआधी कळलं.

"नेरी, आपण हलत नाही. तो यायचा नाही."

"येईल."

"नाही येणार. तू त्याला चांगलं शिकवलंयस." तो हसला, आणि पाणी त्याच्या तोंडात गेलं. "मला सोड. तू वाहायला लागलीस की तो सुटेल. मग त्याला घेऊन ये."

मी म्हटलं, मी सोडणार नाही. मी त्याला शिव्या दिल्या. मी पुन्हा ओढलं, पुन्हा पंख मारले, मांड्यांत गोळे येईपर्यंत मारले. पाणी त्याच्या वरच्या ओठावर आलं. आता त्याला बोलता येत नव्हतं, तो नुसता माझ्याकडे बघत होता. दोघांचं एकत्र धरून राहणं म्हणजे दोघांचं बुडणं, एवढा साधा हिशेब होता. बोट आणायची तर माझा हात सरकायला हवा होता. मी त्याला सोडलं.

ओढीने मला उचललंच. गार पाणी अंगावर आलं आणि तो डाग मागे पडायला लागला. मी हात वर केला, आणि त्या क्षणी तेवितानं बोटीत उडी मारली. लाटांवरून आपटत ती इतक्या वेगात आली की दुसऱ्या वेळी मी त्याला झापलं असतं. त्याने मला दंडाला धरून आत घेतलं तेव्हा मी मागे बोट करून ओरडत होते, क्लेम, क्लेम आहे तिथे. त्याने वळून पाहिलं. पांढऱ्या डागाखाली एक हात होता, सरळ, न हलणारा. तेविताने एक पळही घालवलं नाही. त्याने बोट वळवली.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी वाहत होतं, सगळीकडे सारखं, गार. तेविताने इंजिन बंद केलं. आम्ही दोघांनी बुड्या मारल्या. नंतर पाणबुडे आले, ते आठवडाभर येत राहिले. काही मिळालं नाही.

तेविता त्यानंतरच्या रविवारी त्याच्या आईने केलेलं अळूच्या पानातलं मटण घेऊन आला आणि स्वयंपाकघरात बसून राहिला. त्याला दोन हात दिसले होते. आम्ही दोघं शेडच्या मागे आहोत असं तो समजला, कारण नळाचा आवाज येत होता. मी त्याला म्हटलं, मी तुझ्या जागी असते तर मीही गेले नसते. ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे दोघांनाही त्याचा काही उपयोग झाला नाही. ब्रॉनवीनचा फोन आला. ती रडत होती. तिच्या अहवालात कड्याच्या टोकाला अजूनही आठच आहे. ती म्हणाली, आठाच्या वरचा जो धोका आहे तो लाटांचा नाही, ओढीचा नाही, आणि तो लिहायला तिच्या शास्त्रात जागा नाही. मी तिच्यावर रागावलेले नाही. नियम तिने सांगितला, पण मागितला मी होता.

तो नियम मी काढून टाकला. यंदा मोसम सुरू झाला त्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं, हलो न हलो, हात दिसला की जायचं, बोटीने, दोघांनी, एकमेकांना बांधून. ज्यांना हे मान्य नव्हतं ते क्लब सोडून गेले. मी त्यांना अडवलं नाही.

एप्रिल लागला तसा हात पुन्हा यायला लागला. आम्ही जातो. तेविता बोट चालवतो, मी पुढे बसते. त्या जागेवर पोचलो की तो इंजिन बंद करतो आणि मी बाही वर करून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालते. पाणी गार असतं. बोटांना काही लागत नाही. तेविता माझ्याकडे बघत नाही, वाट बघतो. तिथे कायमचं थांबता येत नाही, कडा जवळ असतो, किनाऱ्यावर माणसं असतात. कोणीतरी परत फिरा म्हणायला हवं. कॅप्टन मी आहे, म्हणून दर वेळी ते मलाच म्हणावं लागतं.